संमती नेमकी कोणाला? को-रजिस्ट्रेशनमधून उभ्या राहणाऱ्या ईमेल यादीचा आढावा

व्यवहार असा चालतो

एखाद्या संकेतस्थळावर माणूस मोफत न्यूजलेटरसाठी, सोडतीसाठी किंवा नोकरीच्या सूचनांसाठी नाव नोंदवतो. फॉर्म भरून होतो न होतो तोच त्याच पानावर किंवा लगेच पुढच्या पानावर आणखी काही कंपन्यांचे प्रस्ताव दिसतात. कोणी पाककृती पाठवणार असते, कोणी विम्याचे दर, कोणी वजन कमी करण्याचा कार्यक्रम. प्रत्येकासमोर एक चौकट असते. तिथे खूण केली की नुकतेच भरलेले नाव आणि ईमेल पत्ता त्या कंपनीकडेही जातो. याला को-रजिस्ट्रेशन म्हणतात आणि अशा रीतीने हाती आलेल्या नाव-पत्त्याला लीड. माणसाने स्वतः खूण केली असेल तर ती ऑप्ट-इन लीड.

आपल्याकडे याचे कागदी रूप सगळ्यांनी पाहिले आहे. प्रदर्शनात किंवा मॉलमध्ये लकी ड्रॉची पेटी असते, आपण नाव, पत्ता, मोबाइल लिहून चिठ्ठी आत टाकतो आणि आठवडाभराने फोन येतो तो रिसॉर्टची मेंबरशिप विकणाऱ्याचा. को-रजिस्ट्रेशन नीट केले तर ते या पेटीपेक्षा चांगले ठरते, कारण दुसऱ्या कंपनीचे नाव माणसाला आधी दिसते आणि होय-नाही त्याच्या हाती राहते. मात्र ‘नीट’ कशाला म्हणायचे, यावर विक्रेते, कायदेपंडित आणि ईमेल सेवा चालवणारे यांचे अजून एकमत झालेले नाही.

यातला पैशाचा हिशेब सरळ आहे. संकेतस्थळाकडे पाहुणा आलेलाच असतो, त्याच्या एका नोंदणीतून तीन-चार ठिकाणांहून उत्पन्न मिळते. यादी वाढवू पाहणारा दर लीडमागे ठरलेली रक्कम देतो आणि जाहिरातीवर क्लिक होईल की नाही ही जोखीम त्याच्यावर येत नाही. दोघांच्या मध्ये बहुधा एखादे नेटवर्क असते. लीडबरोबर नोंदणीची तारीख-वेळ, आयपी पत्ता आणि कोणत्या पानावर खूण झाली ही माहितीही यायला हवी. पूर्वी लीडची फाइल काही दिवसांनी एकगठ्ठा मिळे, आता ती काही सेकंदांत थेट खरेदीदाराच्या यंत्रणेत उतरते. हा बदल महत्त्वाचा आहे. नाव नोंदवल्यावर पाच मिनिटांत आलेले स्वागतपत्र माणूस ओळखतो. पंधरा दिवसांनी आलेले तेच पत्र त्याला अनोळखी वाटते आणि तो ‘स्पॅम’चे बटण दाबतो.

मागचा इतिहास

नाव-पत्त्यांच्या याद्या भाड्याने देणे हा अमेरिकेतल्या टपाली विक्रीचा जुना धंदा. मासिकाची वर्गणी भरली की तो पत्ता बियाणे विकणाऱ्याकडे, पुस्तके विकणाऱ्याकडे फिरे. टपालाला तिकिटाचा खर्च होता, म्हणून त्याला आपोआप मर्यादाही होती. ईमेलने ती मर्यादा काढून टाकली. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आंतरजालाचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठवले. पहिले स्पॅम म्हणून आज त्याचीच नोंद होते. पुढे १९९० च्या दशकात आंतरजाल सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि अनाहूत पत्रांचा पूर आला.

त्यावर १९९९ मध्ये सेथ गोडिन यांच्या ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकाने एक उत्तर मांडले: ग्राहकाने आधी होकार द्यावा, मगच त्याच्याशी बोलावे. ही कल्पना व्यवसायाने उचलली, पण होकार मिळवायला वेळ लागतो. हा वेळ वाचवायचा मार्ग म्हणून को-रजिस्ट्रेशन पुढे आले. होकार हवा हे तत्त्व त्याने मान्य केले, फक्त तो दुसऱ्याच्या दारात गोळा केला.

दुसऱ्याच्या दारात काय चालते याचा पहिला मोठा धक्का ‘मोफत आयपॉड’च्या काळात बसला. ग्रेटिस इंटरनेट ही कंपनी मोफत वस्तूंच्या संकेतस्थळांवर लोकांचे पत्ते गोळा करत असे आणि ते कोणालाही देणार नाही असे तिने लिहून ठेवले होते. ते पत्ते ईमेल जाहिराती पाठवणाऱ्या डेट्रान मीडिया या कंपनीकडे पोहोचले. न्यूयॉर्कचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी कारवाई केली आणि मार्च २००६ मध्ये डेट्रानने ११ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. पत्ते विकणाऱ्याबरोबर घेणाराही जबाबदार धरला जाऊ शकतो, हा धडा या प्रकरणाने यादी खरेदी करणाऱ्यांना दिला. मूळ फॉर्मवर काय वचन दिले होते, हे वाचण्याची जबाबदारी खरेदीदारावर आली.

कायद्याच्या वाटा

अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा १६ डिसेंबर २००३ रोजी संमत झाला आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. तो आधी संमती मागत नाही. खरा प्रेषक, खोटा नसलेला विषय, टपालाचा पत्ता, नाव काढून घेण्याची सोय आणि ती विनंती दहा कामकाजी दिवसांत पाळणे, एवढ्या त्याच्या मुख्य अटी. पण संमतीची जी व्याख्या त्यात आहे ती को-रजिस्ट्रेशनला नेमकी लागू पडते. संमती एकाला दिली आणि पत्र दुसऱ्याने पाठवले, तर पत्ता दुसऱ्याकडे जाऊ शकतो अशी स्पष्ट, ठळक सूचना संमतीच्या वेळीच दिलेली असली पाहिजे. ‘दुसरा’ कोण, त्याचे नाव सांगा, असे मात्र व्याख्या म्हणत नाही. अमेरिकेतला बहुतेक व्यवसाय या मोकळ्या जागेत उभा राहिला.

युरोपने उलटी वाट धरली. २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशाने जाहिरातीच्या ईमेलसाठी आधी संमती आवश्यक केली, फक्त स्वतःच्या जुन्या ग्राहकाला तशाच वस्तूंबद्दल लिहिण्याची सवलत ठेवली. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या युरोपीय माहितीसंरक्षण नियमाने ती संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि कृतीतून व्यक्त झालेली असावी असे ठरवले, आणि ती मिळाल्याचे सिद्ध करण्याचा भार पत्ता वापरणाऱ्यावर टाकला.

या कायद्यांची कसोटी ज्या खटल्यात लागली तो प्लॅनेट-४९ चा खटला या साऱ्या वादाचा गाभा दाखवतो, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. सप्टेंबर २०१३ मध्ये या जर्मन कंपनीने एक सोडत ठेवली. भाग घेणाऱ्यापुढे दोन चौकटी येत. पहिली रिकामी असे: प्रायोजक आणि भागीदार कंपन्या टपालाने, फोनने, ईमेलने संपर्क साधतील, याला मान्यता. दुसरीत आधीच खूण केलेली असे, ती कुकीजसाठी. पहिल्या चौकटीत खूण केल्याशिवाय सोडतीत भाग घेता येत नव्हता. भागीदारांच्या यादीत ५७ कंपन्या होत्या आणि प्रत्येकीपुढे नको म्हणण्याची सोय होती. माणसाने निवड केली नाही किंवा अपुरी केली, तर प्लॅनेट-४९ स्वतःच्या मर्जीने जास्तीत जास्त ३० कंपन्या निवडणार होती.

जर्मन ग्राहक संघटनांच्या महासंघाने दावा लावला. युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल दिला: आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. हा भाग जगभर गाजला. को-रजिस्ट्रेशनच्या दृष्टीने त्याहून मोलाचा भाग मागे पडला. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २८ मे २०२० च्या निकालात पहिल्या चौकटीवरची फोनविषयीची संमतीही अवैध ठरवली. सत्तावन्न कंपन्यांतून एकेक वगळण्याची दमछाक टाळण्यासाठी माणूस निवड कंपनीवरच सोडून देईल अशी ती रचना होती, म्हणून संमती कोणासाठी दिली हेच ठरत नव्हते. म्हणजे नावे जाहीर केली तरी ती वाचणे माणसाच्या आवाक्यात नसेल, तर संमती टिकत नाही. मला हा निकाल या क्षेत्रातला सर्वांत विचारपूर्वक वाटतो. तरी एक प्रश्न राहिलाच. बक्षिसाच्या सोडतीला जाहिरातीची संमती जोडणे मुळात योग्य आहे का, हे युरोपीय न्यायालयाला विचारलेच गेले नव्हते आणि त्यानेही त्यावर मत दिले नाही.

ब्रिटनमध्ये माहिती आयुक्त कार्यालयाने एप्रिल २०१९ मध्ये बाउंटी या कंपनीला चार लाख पौंडांचा दंड केला. गरोदर स्त्रिया आणि नवमाता तिच्या मंडळात भेटवस्तूंसाठी नाव नोंदवत. त्यांतल्या एक कोटी चाळीस लाखांहून अधिक लोकांची माहिती ३९ संस्थांना दिली गेली होती आणि त्यांत पतमूल्यांकन आणि माहितीव्यापाराच्या कंपन्याही होत्या. बाळंतिणीने लंगोटाच्या नमुन्यासाठी दिलेला पत्ता तिथे पोहोचेल याची तिला कल्पना असणे शक्य नव्हते.

कॅनडाचा १ जुलै २०१४ पासून लागू झालेला कायदा तिसरी वाट दाखवतो. संमती घेताना ज्यांची नावे ठाऊक नाहीत अशा तिसऱ्या पक्षासाठीही ती घेता येते. मात्र पुढे पत्र पाठवणाऱ्याने मूळ संमती कोणी घेतली ते सांगायचे, आणि माणसाने एका ठिकाणी नकार दिला की तो मागे मूळ जागेपर्यंत आणि तिथून इतर सर्वांपर्यंत पोहोचवायचा. कागदावर हा तोडगा देखणा आहे. प्रत्यक्षात एकच पत्ता अनेकांकडे गेल्यावर नकार सगळीकडे पोहोचवणे हे मोठे काम होऊन बसते.

बाजू मांडणारे

को-रजिस्ट्रेशनच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. मोठ्या कंपन्यांकडे ग्राहकांचा ओघ आयता असतो, नव्या किंवा छोट्या विक्रेत्याला पहिले हजार वाचक कुठून मिळणार? बागकामाच्या न्यूजलेटरसाठी नाव नोंदवणाऱ्याला बियाण्यांच्या दुकानाचा प्रस्ताव दाखवला आणि त्याने स्वतः खूण केली, तर त्यात फसवणूक कोणती? शिवाय लोकांना मोफत मिळणाऱ्या कितीतरी गोष्टींचा खर्च यातून निघतो. या गटातले जबाबदार लोक स्वतःही अटी घालतात: प्रस्ताव मोजके, विषयाशी जुळणारे, प्रत्येकाची चौकट वेगळी आणि रिकामी, लीड एकाच खरेदीदाराला.

खासगीपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आक्षेप चौकटीच्या रंगरूपाशी नाही. माणसाचे लक्ष मूळ गोष्टीवर असते, नोकरीवर, बक्षिसावर, न्यूजलेटरवर. शेजारच्या खुणा तो घाईत करतो आणि ही घाई रचनेने घडवलेली असते. त्यांच्या मते संमती ही एका नात्याची असते आणि ती हस्तांतरित करता येत नाही.

तिसरा पक्ष कायद्याच्या चर्चेत क्वचित दिसतो, पण व्यवहारात त्याचाच शब्द चालतो: जीमेल, याहू, आउटलुक चालवणारे आणि स्पॅमहाउससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था. संमती कायद्याने वैध होती की नाही हे ते विचारत नाहीत, मिळालेले पत्र माणसाला हवे होते का ते पाहतात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रेषकांना नियम घातले. जीमेलला दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्याने प्रेषकाची ओळख पटवणाऱ्या तांत्रिक व्यवस्था लावायच्या, एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय द्यायची आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या. पाच हजार पत्रांमागे हे होतात फक्त पंधरा लोक. को-रजिस्ट्रेशनच्या गठ्ठ्यात पंधरा विसराळू माणसे निघणे मुळीच अवघड नाही. त्यात चुकीचे टाइप झालेले, यंत्राने भरलेले पत्ते येतात, आणि स्पॅम पकडण्यासाठीच ठेवलेले सापळ्याचे पत्तेही. म्हणून जाणते प्रेषक या लीड मूळ यादीत मिसळत नाहीत. त्यांना वेगळ्या उपडोमेनवरून लिहितात, पहिल्या काही आठवड्यांत प्रतिसाद न देणाऱ्यांना स्वतःहून वगळतात. मेलचिंपसारख्या सेवा तर विकत घेतलेल्या याद्या चालवूच देत नाहीत.

पुराव्याचा प्रश्न

संमती दिली हे सिद्ध कसे करायचे? सर्वांत जुने उत्तर डबल ऑप्ट-इन. नोंदणीनंतर पत्र जाते, त्यातल्या दुव्यावर क्लिक केल्यावरच नाव यादीत चढते. जर्मनीत हाच सुरक्षित मार्ग समजला जातो. तरी तिथेही म्युनिचच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये पुष्टी मागणारे हे पत्रच अनाहूत जाहिरात ठरवले होते. नंतरच्या निकालांनी ते मत मागे टाकले, पण तेवढ्या काळात प्रेषकांची कोंडी झाली. विक्रेत्यांची तक्रार वेगळी आहे. पुष्टीच्या पत्रावर पुष्कळ जण क्लिक करतच नाहीत आणि पैसे मोजलेली लीड वाया जाते. मेलचिंपने ऑक्टोबर २०१७ मध्ये मूळ पर्याय डबलवरून सिंगल केला आणि आक्षेप आल्यावर युरोपातल्या ग्राहकांसाठी डबलच ठेवला. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०१६ मध्ये, पुष्टी न मागणाऱ्या हजारो फॉर्मचा वापर करून काही लोकांच्या पत्त्यांवर न्यूजलेटरांचा मारा झाला होता. को-रजिस्ट्रेशनच्या बाबतीत माझे मत डबलच्या बाजूने आहे. जिथे माणूस आपल्या दारात आलेलाच नाही, तिथे त्याला एकदा स्वतः विचारण्याला पर्याय नाही.

पुरावा नसला की काय होते याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण ईमेल विक्रीच्या बाहेरचे आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने इंटरनेट तटस्थतेचे नियम रद्द करण्याचा प्रस्ताव ठेवला, त्यावर दोन कोटी वीस लाखांहून अधिक अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्या मे २०२१ च्या अहवालानुसार त्यांतले सुमारे एक कोटी ऐंशी लाख बनावट होते, आणि बनावट दोन्ही बाजूंनी झाली होती. नियम रद्द व्हावेत म्हणून ब्रॉडबँड उद्योगाने पैसे पुरवलेल्या मोहिमेतून आलेले ८५ लाख अभिप्राय लीड पुरवणाऱ्या कंपन्यांनी जमवले होते. पद्धत को-रजिस्ट्रेशनची ठरली होती, म्हणजे भेटकार्डांच्या आणि सोडतींच्या फॉर्मशेजारी चौकट. पण लोकांना विचारण्याऐवजी जुन्या, वेगळ्याच कारणासाठी घेतलेल्या नोंदी वापरल्या गेल्या आणि एका कंपनीने तर चोरीला जाऊन उघड्यावर आलेली नावे वापरली, असे अहवाल सांगतो. तीन कंपन्यांनी मिळून ४४ लाख डॉलर भरले. खऱ्या माणसांची नावे त्यांच्या नकळत सरकारी निर्णयप्रक्रियेत गेली आणि पैसे देणाऱ्याला खरी खूण आणि खोटी खूण यांतला फरक कळला नाही.

एकाच विक्रेत्याला एक संमती?

फोन आणि एसएमएसच्या बाबतीत अमेरिकेने मध्यंतरी कठोर उत्तर देऊन पाहिले. दळणवळण आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये नियम केला की स्वयंचलित फोन आणि संदेशांसाठी संमती एका वेळी एकाच विक्रेत्याला देता येईल, आणि मूळ पानाच्या विषयाशी तिचा संबंध हवा. कर्जाचे, विम्याचे दर तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांनी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या छोट्या विक्रेत्यांनी विरोध केला. लागू होण्याच्या तीन दिवस आधी, २४ जानेवारी २०२५ रोजी, अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. संमतीचा सामान्य कायदेशीर अर्थ एवढा आकुंचित करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. हा निकाल आयोगाच्या अधिकाराबद्दल आहे. अनेकांना एकदम दिलेली संमती चांगली की वाईट, हे त्याने ठरवले नाही. ईमेलला हा नियम लागूही नव्हता, तरी लीडचा बाजार एकच असल्याने त्याची चर्चा ईमेलवाल्यांनीही बारकाईने केली.

भारतातली स्थिती

आपल्याकडे ईमेल स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता. ते संपूर्ण कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केले. ट्रायचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. आता भिस्त आहे ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

या कायद्यातली संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि बिनशर्त हवी. ‘बिनशर्त’ ही अट को-रजिस्ट्रेशनसाठी निर्णायक ठरू शकते, कारण सोडतीला संमती जोडण्याचा जो प्रश्न युरोपात अधांतरी राहिला त्याला आपल्या कायद्याचे शब्द थेट भिडतात. कायद्यात एक उदाहरणही आहे: दूरवैद्यकीय अॅपने उपचारासाठी आणि फोनमधल्या संपर्कयादीसाठी अशी एकत्र संमती घेतली, तर ती उपचारापुरतीच मानली जाईल. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. मराठी ग्राहकांपुढे येणारे बहुतेक फॉर्म आणि त्यांची खासगीपणाची पाने आज इंग्रजीतच असतात, त्यामुळे ही तरतूद खरोखर पाळली गेली तर खुणा कमी होतील आणि उरलेल्या खुणांना वजन येईल.

समजा, देवगडचा एक बागायतदार हापूस थेट घरपोच विकतो आणि पुण्या-मुंबईतल्या ग्राहकांसाठी जानेवारीत को-रजिस्ट्रेशनच्या लीड घेतो. आंबा एप्रिलमध्ये तयार होणार. जानेवारीत लगेच स्वागतपत्र गेले, मोहोराची, पहिल्या फळाची खबर मधूनमधून दिली, तर एप्रिलमध्ये ग्राहक त्याला ओळखेल. थेट एप्रिलमध्ये दरपत्रक पाठवले तर कायद्याआधी जीमेलच त्याला अडवेल. उद्या कोणी तक्रार केली आणि संमतीचा पुरावा मागितला, तर तो द्यायची जबाबदारी नव्या कायद्याने त्याच्यावरच आहे. लीड देणाऱ्या नेटवर्ककडून तारीख-वेळ, पान आणि त्या पानावरची सूचना लिहून घेतली नसेल, तर त्याच्याकडे दाखवण्यासारखे काही नसेल.

जुन्या याद्यांचे काय, हा प्रश्न तर अगदी तोंडावर आला आहे. कायदा लागू होण्याआधी संमती घेतलेली असेल तर शक्य तितक्या लवकर सूचना पाठवायची आणि माणूस संमती मागे घेईपर्यंत माहिती वापरता येईल, असे पाचवे कलम सांगते. पण हे संमती होती असे धरून आहे. वर्षानुवर्षे हातोहात फिरलेल्या यादीतली, कोणत्या फॉर्मवर घेतली याचा माग नसलेली खूण त्यात बसते का, हे आधी डेटा संरक्षण मंडळाला आणि नंतर न्यायालयांना ठरवावे लागेल. तोपर्यंत अशी यादी बाळगणाऱ्यापुढे दोन रस्ते आहेत: सूचना पाठवून सगळी नावे ठेवणे, किंवा प्रत्येकाला पुन्हा विचारून ‘हो’ म्हणणाऱ्यांचीच ठेवणे. दुसऱ्या रस्त्याने यादी बरीच आटेल. तरी मी तोच सुचवेन, कारण त्यातून उरलेल्या प्रत्येक नावासमोर संमती कोणाला आणि केव्हा दिली, हे लिहिता येईल.